सराफ्यातली चाचणी

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोनं विकतात आणि रात्री शटर खाली आली की त्याच ओट्यांपुढे जिलबीच्या कढया चढतात. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. मला नवल वाटतं ते मराठीचं. मुलांना पारखायचे आपले निम्मेअधिक शब्द या एका गल्लीत सापडतात.

आधी दिवसपाळी. सराफ दागिना काळ्या दगडावर घासतो, शेजारी कस ठाऊक असलेल्या सोन्याची रेघ ओढतो, दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडतो आणि कोणती रेघ कितपत टिकते ते पाहतो. हा दगड म्हणजे संस्कृतातला ‘कष’ किंवा ‘निकष’. त्याची पट्टी ती कषपट्टिका, आणि तिचंच झिजलेलं रूप आपली कसोटी. शिक्षणशास्त्राने निकष उचलला तो अगदी नेमक्या कामासाठी. मूल वर्गात कितवं आलं हे एक मोजमाप, ठरलेली गोष्ट त्याला येते का हे दुसरं, असा भेद अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्लेझर यांनी १९६३ मध्ये मांडला. दुसऱ्या प्रकाराला आपण निकष-संदर्भ चाचणी म्हणतो. सराफाला हे सांगावं लागत नाही. तो शेजारणीच्या बांगडीशी तुलना करत बसत नाही.

आता रात्र. फारसीत ‘चाशनी’ म्हणजे चव, चाखण्यापुरता नमुना. बादशहाच्या ताटातलं आधी चाखणारा तो चाशनीगीर. आपल्या ‘चाचणी’चं नातं याच शब्दाशी जोडलं जातं. हिंदीत चाशनी पाकातच राहिली, मराठीत ती शाळेत गेली. हलवाई झाऱ्यावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरतो, बोटं हळूच फाकवतो, तार मोजतो. पाक झाला की नाही हे कळायला कढई प्यावी लागत नाही.

‘प्रथम’ या संस्थेचं मुलांच्या शिक्षणाबद्दलचं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून करतं ते हेच. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं, दर गावातली २० घरं: एवढा तो थेंब. मुलाला घरीच, एकट्याला, कागद दाखवतात. आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, अडला तर सुटे शब्द, तेही नाहीत तर अक्षरं. आणि मोठ्याने वाचायचं. ‘वाचणे’ला हे शोभून दिसतं, कारण तो ‘वच्’ धातूचा प्रयोजक. अर्थ बोलणं नव्हे, बोलायला लावणं. अक्षरं बोलली नाहीत तर वाचन झालंच नाही. इकडे माळव्यात पोथी आणि चिठ्ठी अजून ‘बाँचतात’, पुस्तक मात्र ‘पढ़तात’.

‘परीक्षा’ मला जरा बढाईखोर वाटते. परि अधिक ईक्ष्, म्हणजे चहूबाजूंनी पाहणं. तीन तासांच्या पेपरात? त्यापेक्षा प्राकृतातून घासून आलेली ‘पारख’ बरी. तिच्या हिंदी बहिणीचं नाव दिल्लीने २०२३ मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय मूल्यांकन केंद्राला मिळालंय: ‘परख’. नाव जुळवण्यासाठी इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं किती ओढून आणलीत ते पाहू नये.

निकालाच्या दिवशी इंदुरातल्या मराठी घराची पंचाईत होते. मंडळाकडून येते ‘अंकसूची’, पुण्याच्या मावशीला फोनवर सांगायची ‘गुणपत्रिका’. अंक म्हणजे नुसता आकडा. गुण म्हटलं की तो मुलाच्या अंगाला चिकटतो. ‘नापास’मध्ये तर फारसी ‘ना’ आणि इंग्रजी ‘पास’ सुखाने नांदतात. इथल्या मराठी पोरांच्या तोंडी मात्र ‘फेल’च.

शाळेनंतर कारखाना, तिथे शब्द बदलतो: कुशल. मम्मटाने अकराव्या शतकात, काव्यप्रकाशात, रूढी लक्षणेचं उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला. मुळात कुश हे गवत आणणारा, पुढे कोणत्याही कामात निपुण. कुशाची पाती धारदार, बोट न कापता ती खुडायला हात बसलेला लागतो. सरकारी किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे रकाने असतात. गवत कापणारी बाई त्यात सहसा पहिल्या रकान्यात सापडते.