उंचावरच्या रेस्टॉरंटमध्ये बिल इतकं का फुगतं? १८ टक्के जीएसटी आणि सर्व्हिस चार्जचं गणित समजून घ्या

लग्नाचा वाढदिवस, मुलीची पहिली नोकरी किंवा परदेशातून आलेले पाहुणे. अशा वेळी एरवी डेक्कन किंवा सदाशिव पेठेत जेवायला जाणारी पुणेकर कुटुंबंही एखाद्या मोठ्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर टेबल बुक करतात. जेवण छान होतं, खिडकीपाशी फोटो निघतात आणि मग बिल येतं. मेन्यूकार्ड बघून मनात केलेली बेरीज आणि बिलाचा शेवटचा आकडा यांत बरीच तफावत असते. यातलं काय भरावंच लागतं आणि कशाला नाही म्हणता येतं?

पुण्यात अशी ठिकाणं कुठे आहेत?

सेनापती बापट रस्त्यावरचं आताचं जेडब्ल्यू मॅरियट २०१० मध्ये सुरू झालं. त्याच्या २४व्या मजल्यावर ‘पाशा’ हे रूफटॉप रेस्टॉरंट आहे. इथून एका बाजूला टेकड्या आणि दुसरीकडे पसरलेलं शहर दिसतं. येरवड्यात २०१९ मध्ये सुरू झालेल्या रिट्झ-कार्लटनसमोर गोल्फचं हिरवं मैदान आहे.

पुण्यात अशा जागा मोजक्याच आहेत. जुन्या पेठांमध्ये शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकांपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असल्यामुळे त्या परिसरात इमारतींच्या उंचीवर मर्यादा येते. जागा कमी आणि मागणी जास्त, त्यामुळे खिडकीतल्या दृश्याची किंमत पदार्थांच्या दरातच मिसळलेली असते. बिलात ती वेगळी दिसत नाही.

जीएसटी ५ टक्के की १८ टक्के?

साध्या रेस्टॉरंटमध्ये, मग ते एसी असो वा नसो, जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. मोठ्या हॉटेलमधल्या रेस्टॉरंटला मात्र १८ टक्के लागू शकतो. हे रेस्टॉरंट किती महाग आहे यावर ठरत नाही, हॉटेलच्या खोलीच्या भाड्यावर ठरतं. १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार, आधीच्या आर्थिक वर्षात हॉटेलने एखादी खोली दिवसाला ७,५०० रुपयांपेक्षा जास्त दराने दिली असेल, तर तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के दर लागतो. खोल्या स्वस्त असल्या तरी हॉटेल स्वतःहून हा दर स्वीकारू शकतं.

तुम्ही तिथे मुक्कामाला नसलात, फक्त जेवायला गेलात, तरी दर हाच. १८ टक्के घेणाऱ्या हॉटेलला स्वतः भरलेल्या कराची वजावट म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळतं. ५ टक्केवाल्यांना ते मिळत नाही.

दारूवर जीएसटी लागत नाही, तिच्यावर राज्य सरकारचा व्हॅट असतो. म्हणून बिलात जेवण आणि मद्य यांचे कर वेगवेगळे दिसतात.

सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही, तो हॉटेलकडेच जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावाने वसूल करता येत नाही आणि दिला नाही म्हणून ग्राहकाला प्रवेशही नाकारता येत नाही. हॉटेल संघटना याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. काही काळ सूचनांना स्थगिती होती, पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या योग्य ठरवल्या. या निकालाला पुढे अपिलात आव्हान देण्यात आलं.

सेवा आवडली तर टीप जरूर द्या. ती किती द्यायची हे तुम्ही ठरवायचं.

पाण्याच्या बाटलीचं काय?

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले म्हणून अनेकदा वाद होतो. पण १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि रेस्टॉरंटना एमआरपीपेक्षा जास्त दर घ्यायला मुभा दिली. ग्राहक तिथे फक्त बाटली विकत घ्यायला येत नाही, बसायची जागा आणि सेवाही घेतो, असा त्यामागचा विचार होता. त्यामुळे बाटली नको असेल तर बसल्या बसल्याच साधं पाणी मागावं.

चार हजारांच्या जेवणाचं गणित

समजा, मेन्यूकार्डाप्रमाणे जेवण ४,००० रुपयांचं झालं.

• साधं रेस्टॉरंट, ५ टक्के जीएसटी: एकूण ४,२०० रुपये
• मोठं हॉटेल, १८ टक्के जीएसटी: एकूण ४,७२० रुपये
• तेच हॉटेल, वर १० टक्के सर्व्हिस चार्ज: एकूण ५,१९२ रुपये

शेवटच्या बिलात सर्व्हिस चार्ज ४०० रुपयांचा असला, तरी त्यावरही जीएसटी लागतो. म्हणून तो काढायला लावला की ४७२ रुपये वाचतात.

जाण्याआधी आणि बिल आल्यावर काय करावं?

टेबल बुक करतानाच तीन गोष्टी विचारा: जीएसटी किती टक्के, सर्व्हिस चार्ज लावता का आणि खिडकीजवळच्या टेबलासाठी किमान खर्चाची अट आहे का. बिल आल्यावर आधी प्रत्येक ओळ वाचा आणि मग कार्ड द्या. सर्व्हिस चार्ज दिसला तर तो काढून नवं बिल द्यायला सांगा. नकार मिळाला तर बिलाची प्रत जवळ ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

आणि फक्त शहरच बघायचं असेल, तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून गेलं की पुणं दिसतंच. तिथे बिल येत नाही.