दशाज्ञा : निषेधांची यादी की मुक्तीची वाट?

बायबलमधील दहा आज्ञा म्हणजे 'हे करू नकोस, ते करू नकोस' अशा निषेधांची यादी, असा सर्वसाधारण समज आहे. ख्रिस्ती धर्मचिंतनात मात्र त्यांच्याकडे स्वातंत्र्याची वाट म्हणून पाहिले जाते. वरकरणी विसंगत भासणाऱ्या या भूमिकेचे मूळ आज्ञांच्या पार्श्वभूमीत आहे.

आधी सुटका, मग आज्ञा

'निर्गम' ग्रंथाच्या विसाव्या आणि 'अनुवाद' ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात दशाज्ञा येतात. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएली लोकांना त्या सिनाय पर्वतावर मोशेमार्फत मिळाल्या, असे बायबल सांगते. आरंभीच परमेश्वर आपली ओळख दास्यातून सोडविणारा अशी करून देतो. त्यामुळे आज्ञापालन ही सुटकेची किंमत ठरत नाही. मिळालेले स्वातंत्र्य टिकविण्याची ती रीत ठरते.

शब्बाथाची आज्ञा याचे ठळक उदाहरण होय. 'निर्गम'मध्ये या विश्रांतिदिनाचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी, तर 'अनुवाद'मध्ये मिसरमधील दास्याच्या आठवणीशी जोडला आहे. म्हणूनच मालकाबरोबर दास-दासी, परके आणि गुरेढोरे यांनाही विश्रांतीचा हक्क मिळतो.

प्रीतीचा नियम

मत्तयकृत शुभवर्तमानानुसार येशूने सारे नियमशास्त्र दोन आज्ञांत सामावले : देवावर सर्वस्वाने आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल स्वातंत्र्याचा पुरस्कार करतो. पण ते स्वैराचारासाठी न वापरता प्रीतीने एकमेकांची सेवा करण्यासाठी वापरावे, असे बजावतो. याकोबाचे पत्र तर स्वातंत्र्याच्या नियमाचीच भाषा करते.

मार्टिन ल्यूथरने 1520 मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर प्रसिद्ध निबंध लिहिला. कॅल्विनने नियमशास्त्र हे श्रद्धावंताचे मार्गदर्शक मानले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1993 च्या 'व्हेरितातिस स्प्लेंदोर' या परिपत्रकात स्वातंत्र्य आणि सत्य यांची सांगड घातली. 26 फेब्रुवारी 2000 रोजी ते सिनाय पर्वताच्या पायथ्याशीही जाऊन आले. मराठीत मोशेचा वृत्तांत फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 1616 मध्ये छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'तून ओवीबद्ध झाला.

अडचणीचा प्रश्न

मात्र या आज्ञांनी गुलामगिरी संपविली नाही. शेजाऱ्याच्या ज्या गोष्टींचा लोभ धरू नये, असे दहावी आज्ञा सांगते, त्यांत त्याचे दास-दासीही आहेत. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत गुलामांचे मालक बायबलचाच आधार घेत. गुलामगिरीचे विरोधक त्यावर 'निर्गम'मधील माणूस चोरून विकणाऱ्याला देहदंड सांगणारा नियम आणि दास्यमुक्तीची कथा पुढे करीत. दशाज्ञा मुक्तीची वाट ठरतात की सत्तेचे साधन, हे त्या कोणाच्या बाजूने वाचल्या जातात यावर अवलंबून राहिले आहे. शेजारी म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न म्हणूनच आजही आज्ञांच्या केंद्रस्थानी आहे.