ब्राउनिंग पिस्तूल आणि नाशिकचे क्रांतिपर्व (१९०९-१९१०)

१८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याखेरीज शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. साहजिकच शस्त्र मिळविणे आणि ते लपविणे या क्रांतिकारकांच्या दोन प्रमुख अडचणी होत्या. बेल्जियममध्ये तयार होणाऱ्या ब्राउनिंग पिस्तुलाने दुसरी अडचण पुष्कळशी दूर केली.

या पिस्तुलाचा १९०० चा नमुना सुमारे १७ सेंटिमीटर लांब होता. रिव्हॉल्व्हरचे फुगीर, फिरते चक्र त्यात नव्हते. मुठीतील चपट्या पेटीत ७ काडतुसे एकावर एक बसत. ७.६५ मिलिमीटरच्या काडतुसाचा जोर मर्यादित असल्याने रचना साधी राहिली. गोळी सुटताच त्याच धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जाई, रिकामे कवच बाहेर पडे आणि स्प्रिंगच्या ताणाने नवे काडतूस नळीत शिरे. ऑक्टोबर १९०९ मध्ये हार्बिन येथे आन जुंग-गन यांनी जपानी मुत्सद्दी इतो हिरोबुमी यांच्यावर याच नमुन्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या.

त्याच वर्षी वि. दा. सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठविली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांपैकीच एका पिस्तुलाने कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना ठाण्यास फाशी झाली. अमीन माफीचे साक्षीदार झाले आणि डिसेंबर १९१० मध्ये सावरकरांना जन्मठेपेची शिक्षा झाली.

आकाराने लहान असलेले शस्त्र तपासणीतून सहज सुटले. परंतु ते वाहून आणणाऱ्याच्या जबानीने लंडन-नाशिक हा दुवा सरकारच्या हाती दिला. गुप्त संघटनेची खरी कसोटी शस्त्रापेक्षा माणसांच्या निष्ठेत होती, असे या प्रकरणावरून दिसते.