बाजीरावाची पेन्शन आणि बिठूरचा पत्ता

यूट्यूबवर हल्ली एक प्रकार फार चालतो. युरोपातलं साठी उलटलेलं जोडपं घर विकतं आणि मोटरहोम घेतं, म्हणजे आत पलंग, शेगडी आणि संडास असलेली गाडी. वर्ष-दोन वर्षं ते देशोदेशी हिंडतं आणि शेवटी पोर्तुगालमधल्या कुठल्याशा गावात ‘आता इथंच’ म्हणून थांबतं. हवा कशी, भाडं किती, दवाखाना किती लांब, असा सगळा हिशेब त्यात असतो. मी जळगाव जामोदचा. असं काही पाहिलं की मला आमच्या उत्तरेचा सातपुडा आठवतो. त्याच डोंगरांच्या बाजूला, बुऱ्हाणपूर-असीरगडाच्या परिसरात, १८१८च्या उन्हाळ्यात एका मराठी माणसाने उरलेलं आयुष्य कुठं काढायचं याचा सौदा केला होता. तो माणूस म्हणजे दुसरा बाजीराव पेशवा.

५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली आणि काही दिवसांत पुणं सुटलं. पुढचे सात महिने बाजीरावाचं घर म्हणजे छावणी. डेरे, राहुट्या, पालख्या, हत्ती, उंट, घरातल्या बायका, आचारी, भटजी आणि मागे बुणग्यांची लांबच लांब रांग. त्यांच्याही मागे इंग्रजी पलटणी. १ जानेवारीला कोरेगाव झालं. २० फेब्रुवारीला आष्टीला सेनापती बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती गेले. नागपूरकरांची मदत मिळेल या आशेने बाजीराव पूर्वेला गेला. १७ एप्रिलला शिवणीला कर्नल ॲडम्सने त्याला गाठलं. मग वऱ्हाड ओलांडून तो असीरगडाच्या आसऱ्याला आला. किल्ला शिंद्यांचा होता आणि किल्लेदाराचा ओढा पेशव्याकडे होता.

आमच्या भागाला बाजीरावाच्या निर्णयांची झळ तोवर एकदा लागलेली होती. १८०२च्या शेवटच्या दिवशी त्याने वसईला इंग्रजांशी तह केला. त्यातून शिंदे-भोसल्यांशी युद्ध पेटलं, आणि २९ नोव्हेंबर १८०३ला तेल्हाऱ्याकडच्या अडगावला वेलस्लीने त्यांच्या फौजा मोडल्या. ज्याच्या सहीने ती लढाई इथवर आली, तोच पंधरा वर्षांनी याच मुलखात आसरा शोधत होता.

इंग्रजांच्या बाजूने बोलणी करणारा होता सर जॉन माल्कम. पावसाळा तोंडावर होता. बाजीराव असीरगडात शिरला तर युद्ध लांबणार, हे त्याला दिसत होतं. म्हणून त्याने अटी बऱ्यापैकी सैल ठेवल्या. राज्यावरचा हक्क सोडायचा, दक्षिणेत परत यायचं नाही, आणि काशीला किंवा हिंदुस्थानातल्या दुसऱ्या एखाद्या तीर्थक्षेत्री राहायचं. बदल्यात स्वतःच्या आणि कुटुंबाच्या पोषणासाठी वर्षाला किमान आठ लाख रुपये. ३ जून १८१८ला बाजीराव माल्कमच्या छावणीत दाखल झाला. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम जास्त वाटली, पण दिलेला शब्द त्याने पाळला.

‘हिंदुस्थान’ हा शब्द इथं नीट बघायला हवा. त्या काळच्या मराठीत हिंदुस्थान म्हणजे नर्मदेपलीकडचा उत्तर भारत. आपला तो ‘देश’, आणि गंगेकाठचा तो परमुलूख. भाषा वेगळी, जेवण वेगळं, थंडी वेगळी. म्हणजे बाजीराव निवृत्तीसाठी परदेशीच चालला होता. वय होतं ४३.

निघाल्यावर वाटेतच एक गोष्ट घडली. त्याच्या पदरच्या अरब शिपायांनी थकलेल्या पगारासाठी त्याच्याच तंबूला वेढा घातला. माल्कमने मध्ये पडून तो सोडवला. आपल्या माणसांपासून वाचवायलाही आता इंग्रज लागत होते.

अखेर मुक्काम ठरला बिठूरला. बाजीरावाच्या नजरेतून जागा उत्तम होती. गंगेचा घाट, ब्रह्मावर्त म्हणून नाव असलेलं क्षेत्र, स्नान-दान करत दिवस काढायला सोयीचं. कंपनीच्या नजरेतूनही उत्तमच होती, कारण कानपूरची मोठी लष्करी छावणी तिथून जेमतेम वीस किलोमीटरवर होती. शिवाय गावात देखरेखीला कंपनीचा कमिशनर. एकाच गावावर दोघांनी बोट ठेवलं, कारणं मात्र उलटी होती.

बाजीराव पेशवा होता साधारण २१ वर्षं, आणि पेन्शनर राहिला जवळपास ३३ वर्षं. या काळात बिठूरला एक मराठी वस्तीच उभी राहिली. आश्रित, पुजारी, कारकून, नातेवाईक कोकणातून आणि देशावरून आले. तात्या टोप्यांचं कुटुंब असंच येवल्याहून आलं. वेणगावच्या एका कुटुंबातला मुलगा बाजीरावाने १८२७ला दत्तक घेतला, तेच नानासाहेब. या सगळ्यांची चूल एका माणसाच्या पेन्शनवर पेटत होती.

जानेवारी १८५१ला तो माणूस गेला आणि पेन्शन थांबली. नानासाहेबांचं म्हणणं सरळ होतं: करारात ‘कुटुंब’ असा शब्द आहे, मग कुटुंब उरलं असताना पैसे कसे बंद होतात? लॉर्ड डलहौसीचं उत्तरही सरळ होतं. रक्कम बाजीरावाच्या हयातीपुरती होती, तेवढ्यात त्याला अडीच कोटींहून जास्त मिळाले, आणि मागे २८ लाखांची मालमत्ताही उरली आहे. नानासाहेबांनी अजीमुल्ला खानाला थेट लंडनला पाठवलं. उपयोग झाला नाही. पुढचं १८५७ आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. त्याच वर्षी हॅवलॉकच्या फौजेने बिठूरचा वाडा जाळला.

बंडाचं कारण फक्त पेन्शन होती असं मी म्हणत नाही. मला दिसतं ते एवढंच, की बाजीरावाने स्वतःपुरता सौदा फार चांगला केला होता. हरलेल्या माणसाला याहून जास्त क्वचितच मिळतं. पण ‘कुटुंब’ म्हणजे कोण आणि किती पिढ्या, हे त्याने लिहून घेतलं नाही. त्याची मुदत संपली तेव्हा बाकीच्यांपुढे आयुष्य उरलेलं होतं, काही तर तिथंच जन्मलेले. त्यांना परत जायला पुणं उरलेलं नव्हतं.

आजचा पोर्तुगालचा डी-७ व्हिसाही पेन्शनसारखं नियमित उत्पन्न दाखवणाऱ्याला मिळतो. राहण्याची परवानगी उत्पन्नाला बांधलेली असते आणि उत्पन्न बहुतेकदा एका माणसाच्या नावावर असतं. आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो: मुलगा किंवा मुलगी बाहेर स्थिरावते आणि आई-बाबांना ‘आता इकडेच या’ म्हणते. तुमच्या घरी तो विषय निघाला, तर हवा आणि दवाखाना यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारा. ज्याच्या नावावर हे सगळं चाललंय तो उद्या नसला, तर मागे राहणाऱ्याला तिथं राहता येईल का? आणि नाही, तर त्याच्यासाठी इथलं घर तोवर ठेवलेलं असेल का?