बेरोजगार कोणाला म्हणावे?

केंद्रातील नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी होऊन एक दिवस उलटतो न उलटतो तोच, ३१ मे २०१९ रोजी सांख्यिकी मंत्रालयाने एक अहवाल प्रसिद्ध केला. २०१७-१८ या वर्षात देशातील बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता, असे त्यात नमूद होते. आकडा नवा नव्हता. ‘बिझनेस स्टँडर्ड’ने तो जानेवारीतच, गेल्या ४५ वर्षांतील उच्चांक म्हणून छापला होता. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने संमती देऊनही अहवाल बाहेर येत नाही, हे पाहून आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. तो केवळ मसुदा आहे, असे त्या वेळी नीती आयोगाने सांगितले होते. ऐन निवडणुकीत दडवलेला मसुदा निवडणूक संपताच जसाच्या तसा अहवाल व्हावा, हा योगायोग विरोधकांना मान्य होण्यासारखा नव्हता.

मात्र हा वाद केवळ दडवादडवीचा नाही. बेरोजगार कोणाला म्हणावे, हाच मूळ प्रश्न आहे. सेवायोजन कार्यालयातील नोंदींवरून त्याचे उत्तर मिळत नाही; तेथे नोकरी मिळालेल्यांची नावे राहून जातात आणि शेतमजूर तर तिकडे फिरकतही नाही. मुंबई विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ प्रा. मो. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० मध्ये सांगितले, की शेती आणि घरगुती धंद्यांवर जगणाऱ्या देशात बेरोजगारी एकाच आकड्यात मावणार नाही. त्यानंतर राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेने १९७२-७३ पासून निरनिराळ्या मोजपट्ट्या वापरल्या.

‘नेहमीची स्थिती’ ही त्यांतील पहिली. मागील ३६५ दिवसांत बहुतांश काळ माणूस काय करत होता, हे ती पाहते. शिवाय वर्षात किमान ३० दिवस जोडकाम केले असले, तरी तो रोजगारात धरला जातो. ‘चालू साप्ताहिक स्थिती’नुसार गेल्या सात दिवसांत एक तास काम केलेला माणूसही बेरोजगार ठरत नाही. तरीही साप्ताहिक दर सहसा अधिक निघतो, कारण हंगामी कामाची खोट आठवड्यात दिसते, वर्षात झाकली जाते. ६.१ हा आकडा पहिल्या मोजपट्टीचा आहे.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जानेवारी २०१८ मध्ये एका मुलाखतीत, भजी विकून दिवसाला २०० रुपये कमावणाऱ्याला बेरोजगार म्हणायचे का, असा सवाल केला होता. त्यावर बरीच टिंगल झाली. पण पाहणीच्या व्याख्येनुसार भजीवाला रोजगारातच मोडतो. त्याची पत्नी गाडीवर बेसन कालवत असेल, तर एक पैसाही हातात न पडता तीही रोजगारात धरली जाते. गरिबाला रिकामे बसणे परवडत नाही. म्हणूनच बेरोजगारीचा दर अशिक्षितांपेक्षा पदवीधरांत अधिक दिसतो.

आकडा अडचणीचा ठरला की मोजणीकडे बोट दाखवण्याची रीत एकाच पक्षाची नाही. २००९-१० च्या पाहणीत रोजगारवाढ खुंटल्याचे दिसताच तत्कालीन संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारने ते दुष्काळी वर्ष असल्याचे कारण पुढे केले. पाच वर्षांनी व्हायची पाहणी मग दोनच वर्षांत, २०११-१२ मध्ये पुन्हा झाली. त्या पाहणीतील दर २.२ टक्के होता. २०१९ मध्ये सरकारची बाजू अशी, की नव्या पाहणीत कुटुंबांची निवड घरातील दहावी उत्तीर्ण व्यक्तींच्या संख्येवरून झाली. सबब जुन्या आकड्यांशी तुलना गैर. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या पोकळ नव्हता. पण २.२ वरून ६.१ ही उडी तेवढ्याने उलगडत नाही.

पुढे वारे फिरले. २०२३-२४ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींचा दर ३.२ टक्क्यांवर आला आणि नेमकी तीच पाहणी सत्ताधाऱ्यांच्या भाषणांत मिरवू लागली. स्त्रियांचा श्रमसहभाग २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेला, ही त्यातील मोठी बातमी. मात्र त्याच सहा वर्षांत घरच्या धंद्यात विनावेतन राबणाऱ्यांचे एकूण कामकऱ्यांतील प्रमाण १३.६ वरून १९.४ टक्के झाले आणि नियमित पगारदारांचे २२.८ वरून २१.७ वर उतरले. हा रोजगार म्हणावा की नाइलाज, यावर अर्थतज्ज्ञांत एकमत नाही. मुंबईतील ‘सीएमआयई’ ही खासगी संस्था वेगळ्या व्याख्येने मोजते, त्यामुळे तिचे आकडे बहुधा चढे असतात आणि साहजिकच विरोधकांच्या पसंतीचे.

२०२५ पासून सरकार दरमहा आकडे देऊ लागले. एप्रिल २०२५ चा पहिला दर होता ५.१ टक्के. वर्षभरात बेरोजगारी ३.२ वरून ५.१ वर गेली, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. मासिक आकडा साप्ताहिक स्थितीचा आहे, वार्षिक आकडा नेहमीच्या स्थितीचा.