हाताला न लागणारी गाठ

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तोंडाच्या कॅन्सरची वाटही तशीच. जखम जिभेला नाहीतर गालाला, आणि तो बहुधा आधी उतरतो मानेतल्या बारीक गाठींत. पण अवधाण ठणकतं, हाताला लागतं. कॅन्सर उतरलेली गाठ सुरुवातीला डॉक्टरांच्या बोटांनाही लागत नाही, कधी सोनोग्राफीतूनही निसटते.

म्हणून भिवंडीची एखादी बाई परळच्या टाटा हॉस्पिटलात गेली आणि डॉक्टर म्हणाले, "जिभेबरोबर मानेचंही ऑपरेशन करू," की घरचे बिचकतात. मानेत काही नाही, मग चिरायची कशाला?

हा प्रश्न डॉक्टरांनाही जुनाच. टाटातच ७० रुग्णांवर अभ्यास झाला होता, तो १९८९ मध्ये छापून आला. पण एवढ्या थोड्या माणसांवरून ठाम उत्तर मिळेना. मग २००४ मध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास हाती घेतला. रोग लहान, मानेत गाठ लागत नाही, असेच रुग्ण घेतले. कोणाला कोणता उपचार, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. निम्म्यांच्या गाठी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या. उरलेल्यांची मान वरचेवर तपासली, गाठ आली तरच ऑपरेशन.

दहा वर्षं हे चाललं. ५०० जणांचा हिशोब २०१५ मध्ये जगापुढे आला. तीन वर्षांनी, आधीच गाठी काढलेल्यांपैकी शंभरात ८० जिवंत होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७-६८. काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर शंभरातल्या जवळपास तीस जणांत कॅन्सर लपलेला सापडला. परळमध्ये झालेल्या या कामाने जगभरचे उपचार बदलले, याचा मला तरी अभिमान वाटतो.

पण उरलेल्या सत्तर जणांचं काय? त्यांच्या गाठीत काहीच नव्हतं. या ऑपरेशननंतर कधी खांदा जड होतो, हात वर जात नाही. हंडा उचलणाऱ्या, मागाच्या कांड्या भरणाऱ्या बाईला हे थोडं नाही. म्हणून आता काही ठिकाणी आधी "पहारेकरी गाठ" शोधतात. जखमेजवळ औषध टोचायचं, ते ज्या गाठीत पहिल्यांदा पोचेल तेवढी काढून तपासायची. तिच्यात कॅन्सर निघाला तरच बाकीच्या काढायच्या. फ्रान्स आणि जपानच्या डॉक्टरांनी २०२० आणि २०२१ मध्ये दाखवलं की यात जगण्याचं प्रमाण घटत नाही. ही सोय सगळीकडे नाही. आपल्या रुग्णासाठी ती होईल का, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारता येतं.