आयडलिंग बिघडले? आधी थ्रॉटल बॉडी तपासा, मग खिसा

प्रतिनिधी, दिवाळे (नवी मुंबई)

बेलापूरच्या किल्ले गावठाण चौकात सिग्नलला मोटार थांबते. पाय अॅक्सिलरेटरवर नसतो, तरीही स्टिअरिंग हातात थरथरू लागते, आरपीएमचा काटा वरखाली नाचतो आणि एसी सुरू करताच इंजिन मान टाकते. काही वर्षे वापरलेल्या पेट्रोल वा सीएनजी गाडीच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. गॅरेजच्या भाषेत यालाच आयडलिंग बिघडणे म्हणतात. या तक्रारीत पहिला संशय जातो तो थ्रॉटल बॉडीवर, आणि हा भाग घरच्या घरी साफ करता येतो. मात्र पहिला संशयित हाच दरवेळी गुन्हेगार असतो असे नाही. काजळी पुसण्याच्या नादात झडपेची मोटर निकामी करून घेतली, तर खर्च सफाईच्या कितीतरी पट वाढतो.

पेट्रोल इंजिनाचा वेग हवेच्या प्रमाणावर ठरतो. एअर फिल्टरमधून गाळून आलेली हवा एका धातूच्या नळकांड्यातून इंजिनात शिरते. त्या नळकांड्यात रुपयाच्या नाण्यासारखी, पण आकाराने मोठी अशी एक गोल झडप असते. अॅक्सिलरेटर दाबला की ती उघडते, सोडला की मिटते. गाडी उभी असताना झडप जवळजवळ बंदच असते आणि कडेच्या केसाएवढ्या फटीतून जाणाऱ्या हवेवर इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत राहते. जुन्या, केबलवर चालणाऱ्या रचनेत यासाठी बाजूने एक वेगळी वाट आणि तिच्यावर छोटा व्हॉल्व्ह असतो. दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावरील होड्यांच्या डिझेल इंजिनांना हा त्रास ठाऊक नाही, कारण पारंपरिक डिझेल इंजिनात हवा अडवली जात नाही, तेथे केवळ इंधन कमी-जास्त केले जाते.

ही काजळी बाहेरच्या धुळीची असते, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. इंजिनाच्या पोटात साठणारी तेलकट वाफ हवेत न सोडता पुन्हा इंजिनातच जाळण्यासाठी एका नळीने हवेच्या मार्गात आणलेली असते. इंजिन बंद केल्यावर ही गरम वाफ वर चढते आणि झडपेच्या मागच्या कडेवर बसते. त्यावर बारीक धूळ चिकटते आणि डांबरासारखा थर तयार होतो. सायन-पनवेल महामार्गावर रोज रांगेत सरकणाऱ्या गाडीत झडप बहुतेक वेळ मिटलेलीच राहते, त्यामुळे थर लवकर वाढतो. फट अरुंद झाली की गाडीचा संगणक झडप किंचित अधिक उघडून ती भरून काढतो. त्याची मर्यादा संपली की थरथर सुरू होते.

कार्ब्युरेटरच्या काळात, म्हणजे प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या जमान्यात, मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरने एक स्क्रू अर्धा फेरा फिरवत आणि काम भागे. २००० नंतर प्रदूषणाचे निकष कडक होत गेले आणि कार्ब्युरेटर हद्दपार झाला, पण ती सवय काही मिस्त्रींच्या हातात अद्याप आहे. थ्रॉटल बॉडीवर दिसणारा तसाच स्क्रू कारखान्यात बसवून पक्का केलेला असतो. तो फिरवल्यास दोन दिवस गाडी ठीक वाटते, नंतर संगणकाचा हिशेब चुकू लागतो. तेव्हा त्या स्क्रूला हात लावू देऊ नये.

खोलण्यापूर्वी निदान

पाना हाती घेण्याआधी दहा मिनिटे निरीक्षणास द्यावीत. आरपीएमचा काटा स्थिर, पण आसन मात्र थरथरते, असे असेल तर दोष बहुधा इंजिन माउंटिंगच्या रबराचा आहे. तेथे सफाईचा काडीचाही उपयोग नाही. ठरावीक ठेक्यात धक्का बसत असेल, म्हणजेच गाडी मिसिंग मारत असेल, तर स्पार्क प्लग वा इग्निशन कॉइल पाहावी. आरपीएम उलट चढे राहत असून बॉनेटखाली फुसफुस ऐकू येत असेल, तर एखादी रबरी नळी तडकली आहे किंवा निसटली आहे. पावसाळ्यात उंदरांनी वायर कुरतडल्याची शक्यता सोसायटीच्या वाहनतळावर नेहमीच धरावी. खाडीकाठच्या खारट हवेने बॅटरीच्या टर्मिनलवर आणि अर्थिंगच्या जोडांवर गंज चढतो, तोही घासून काढावा. एअर फिल्टर तर पाहावाच.

सीएनजी गाडीची एक सोपी परीक्षा आहे. गॅसवर थरथरणारी गाडी पेट्रोलवर शांत चालली, तर थ्रॉटल बॉडी बहुधा निर्दोष आहे, कारण दोन्ही इंधनांसाठी हवा त्याच झडपेतून जाते. मग गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर किंवा स्पार्क प्लग तपासावे. गॅस पेटवण्यास अधिक जोरकस ठिणगी लागते, म्हणून झिजलेला प्लग आधी गॅसवर चाड्या सांगतो.

साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडण्याची जागा असते. मोबाइलशी जुळणारे साधे स्कॅनर बाजारात मिळतात. पी०३०० ते पी०३०४ हे संकेत मिसिंगचे, पी०१७१ हा हवा जास्त वा इंधन कमी असल्याचा, तर पी०५०५ हा आयडलिंगच्या नियंत्रणाचा. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर गाडी गॅरेजपर्यंत सावकाश नेता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवू नये, कारण न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकते.

प्रत्यक्ष सफाई

गाडी वॉरंटीत असेल तर हे काम सेवा केंद्रावरच सोपवावे. इतरांनी इंजिन पूर्ण थंड असताना, मोकळ्या हवेत, हँडब्रेक लावून आणि किल्ली काढून सुरुवात करावी. बिनकिल्लीच्या गाडीचा रिमोट घरात ठेवावा. सफाईचा स्प्रे ज्वालाग्राही असतो, तेव्हा जवळपास सिगारेट, अगरबत्ती किंवा डासांची कॉइल नको. हातमोजे व चष्मा घालावा.

नळ्या व प्लग जसे जोडले आहेत त्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. मग एअर फिल्टरपासून येणाऱ्या जाड नळीचे क्लॅम्प सैल करून ती बाजूस करावी. त्या मार्गात हवा मोजणारा सेन्सर असल्यास त्यावर हा स्प्रे उडता कामा नये. समोर झडप दिसेल. स्प्रे थ्रॉटल बॉडीसाठीचाच घ्यावा. कार्ब्युरेटर क्लीनर, पेट्रोल किंवा रॉकेल नको, कारण अनेक झडपांवर विशेष लेप असतो आणि तो निघाला की आयडलिंग कायमचे बिघडू शकते. याच कारणाने तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपरही वर्ज्य. स्प्रे थेट आत न मारता धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन कडा पुसावी, कोपऱ्यांसाठी जुना मऊ टूथब्रश पुरतो. आत द्रव साचू देऊ नये.

केबलची झडप हाताने अलगद उघडून मागची कड पुसता येते. झडप इलेक्ट्रॉनिक असेल तर ती बोटाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने ढकलू नये. आत नाजूक दाते असलेली चाके असतात. इग्निशन सुरू ठेवून दुसऱ्याने अॅक्सिलरेटर दाबायचा आणि आपण बोटे आत घालायची, हा प्रकार तर सरळ धोक्याचा आहे, कारण स्प्रिंगच्या जोराने मिटणारी झडप बोट चिरडू शकते. समोरून जेवढे दिसते तेवढे पुसावे. मागचा थर जाड असेल तर बॉडी उतरवून, नवे गॅस्केट घालून सफाई करण्याचे काम गॅरेजचे.

काळे झालेले कापड गटारात टाकू नये. नवी मुंबईचे पावसाळी पाणी शेवटी खाडीलाच मिळते, आणि दिवाळ्याची मासेमारी त्याच खाडीवर आहे.

सर्व जोड घट्ट केल्यावर इंजिन सुरू व्हायला थोडा वेळ लागेल, क्षणभर धूरही येईल. ही चाचणी बंदिस्त तळघरात करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आरपीएम काही काळ नेहमीपेक्षा चढे राहिल्यास घाबरण्याचे कारण नाही. संगणक झडप अजून जुन्याच अंदाजाने उघडत असतो. काही गाड्या चार-दोन दिवसांच्या वापरात नवी स्थिती स्वतःच शिकतात, काहींना स्कॅनरने तसे शिकवावे लागते. गाडीची पुस्तिका आधीच वाचलेली बरी.

थर काही महिन्यांतच पुन्हा जमला, तर पुन्हा स्प्रे विकत घेण्यापेक्षा ती तेलकट वाफ आणणारी नळी आणि तिचा पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. सोबत ऑइलची पातळीही वारंवार खाली जात असेल, तर मिस्त्रीला पिस्टन रिंगांबद्दल विचारावे.